दर ठरतो तेव्हा ग्राहक कुठे असतो?

मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडण्याची संधीच नाशिककराला नव्हती. पाणीपट्टीची मागणी मात्र न चुकता येत राहिली आणि विजेचे बिल तर दर महिन्याला दारात पडत राहिले. मतदान हेच लोकशाहीचे आदि आणि अंत मानणाऱ्यांनी या चार वर्षांचा थोडा विचार करावयास हवा. मत असले म्हणजे तरी काय होते? विजेचा दर नगरसेवक ठरवीत नाही, आमदारही ठरवीत नाही. विधानसभेत त्यावर गदारोळ होतो, वृत्तपत्रांत मथळे येतात, पण युनिटला किती पैसे पडावेत हे ठरते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे, आणि हा आयोग मुंबईत १९९९ पासून बसलेला आहे. पंचवीस वर्षे उलटून गेली, तरी तेथे आपण काय करू शकतो याची पुरेशी जाण चळवळीतील कार्यकर्त्यांना आलेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

२००३ च्या वीज कायद्याचे चौसष्टावे कलम सांगते की, दरवाढीचा प्रस्ताव कंपनीने संक्षिप्त रूपात प्रसिद्ध केला पाहिजे आणि जनतेकडून आलेल्या सर्व सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाने १२० दिवसांच्या आत आदेश दिला पाहिजे. 'जनता' हा शब्द येथे व्यापक अर्थाने आहे. हरकत घेण्यासाठी वकिली करावी लागत नाही, संस्था नोंदवावी लागत नाही, शुल्क भरावे लागत नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलेली हरकत चालते, आणि सुनावणीत तोंडी बोलावयाचे असल्यास त्याच कागदावर तसे लिहावे लागते. ग्राहकाला या प्रक्रियेत स्थान आहे की नाही, असा वाद एकदा कलकत्त्याच्या वीज कंपनीच्या प्रकरणात उपस्थित झाला होता. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला आणि दरनिश्चितीत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क ग्राहकाला कायद्यानेच दिलेला आहे, असे स्पष्ट केले.

महावितरणच्या प्रस्तावांवर आयोगाने नाशिकमध्येही सुनावण्या घेतल्या आहेत. अशा सुनावणीला येतो कोण? सातपूर आणि अंबडच्या कारखानदारांच्या संघटना येतात. त्यांच्याजवळ विजेच्या हिशेबाचे जाणकार असतात आणि प्रस्तावातील तक्ते त्यांनी आधीच चाळलेले असतात. ग्राहक पंचायतीचे दोन-चार निष्ठावंत येतात. एखादा शेतकरी जळालेल्या रोहित्राची तक्रार घेऊन येतो, ती पोटतिडकीने मांडतो आणि 'हा विषय आजच्या सुनावणीचा नाही' हे ऐकून परत जातो. देवळाली गावातील भाडेकरू, पंचवटीतील पिठाच्या गिरणीवाला, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरचा एका दिव्याचा ग्राहक यांच्या वतीने बोलणारे फारसे कोणी नसते. आदेश निघाल्यानंतर मात्र मोर्चा निघतो, बिलांची होळी होते, आणि मग अधिकारी शांतपणे सांगतात की, दर आयोगाने ठरविले आहेत, आमच्या हाती काही नाही. अधिकाऱ्याचे हे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने खरेच असते. मोर्चा चुकीचा नसतो, पण त्याची तारीख चुकलेली असते.

या मार्गाविषयी डाव्या-समाजवादी वर्तुळात जी अनास्था आहे, तिच्यामागे एक तात्त्विक आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नियामक आयोग ही संस्था या देशात आली ती जागतिक बँकेच्या पाठबळाने ओरिसात झालेल्या वीज सुधारणांबरोबर. तेथील आयोग १९९६ साली सुरू झाला, पाठोपाठ १९९८ चा केंद्रीय कायदा आला. तेव्हा खाजगीकरणाच्या पाळण्यात जन्मलेल्या या संस्थेपुढे जाऊन हरकती नोंदविणे म्हणजे तिला मान्यता देणे होय, असे अनेक निष्ठावान कार्यकर्ते मानतात. आक्षेपातील इतिहास बरोबर आहे. परंतु त्यापूर्वीची स्थिती कोणती होती हेही त्याच इतिहासात नोंदलेले आहे. १९६० साली स्थापन झालेले राज्य वीज मंडळ सार्वजनिक मालकीचे होते. त्याने खेड्यापाड्यांत वीज नेली, एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र उभारले, हजारोंना कायम नोकऱ्या दिल्या. हे सारे मोलाचे होते. पण मालक म्हणविल्या जाणाऱ्या जनतेला त्याने हिशेब कधी दिला नाही. मंडळ वर्षानुवर्षे वहन-वितरणातील गळती पंधरा ते अठरा टक्क्यांच्या घरात असल्याचे सांगत राहिले आणि विधिमंडळापासून अर्थतज्ज्ञांपर्यंत सर्वांनी ते खरे मानले. आयोगापुढे मंडळाचा पहिला दरप्रस्ताव आला, ग्राहक प्रतिनिधींनी तक्ते तपासून प्रश्न विचारले, आणि २००० सालापर्यंत हे उघड झाले की, खरी गळती तीस टक्क्यांच्याही वर आहे. एवढी मोठी तफावत इतकी वर्षे एका सरकारी मंडळाच्या पोटात लपून राहू शकते, तर सार्वजनिक मालकी या शब्दांतील 'सार्वजनिक' कोण, हा प्रश्न समाजवाद्यांनीच सर्वांत आधी विचारावयास हवा होता.

ही गळती लपली होती कोठे? ती शेतकऱ्याच्या नावावर टाकलेली होती. बहुतेक कृषिपंपांना मीटर नव्हते, आकारणी अश्वशक्तीवर होती. यंत्रणेत शिरलेल्या एकूण विजेतून मीटरवर विकलेली वीज वजा केली, उरलेल्यापैकी 'शेतीने एवढी वापरली' असे अंदाजाने धरले, की राहते ती गळती. शेतीचा अंदाज फुगविला की गळती आपोआप आक्रसते. समजा, पाच अश्वशक्तीचा पंप वर्षाला दीड हजार तास चालतो असे कागदावर धरले, तर त्याचा वापर सुमारे ५,६०० युनिट होतो. विहिरीला पाणी नाही, वीज येते ती अपुऱ्या दाबाने, म्हणून तो प्रत्यक्षात हजार तासच चालला तर वापर सुमारे ३,७३० युनिट. एका पंपामागे १,८७० युनिटांचा हा फरक कोठे गेला? कोठे तरी आकडा टाकून चोरला गेला, जुनाट तारांत जळाला, अथवा एखाद्या कारखान्याच्या मीटरमध्ये साहेबांच्या कृपेने हरवला. नाव मात्र शेतकऱ्याचे झाले. त्या फुगविलेल्या आकड्यावर सरकारी अनुदान मोजले गेले, त्याच आकड्यावर कारखानदाराच्या माथी क्रॉस सबसिडी आली, आणि शहरातला मध्यमवर्ग 'शेतकरी फुकट वीज जाळतो' असे म्हणू लागला. निफाडचा द्राक्षबागाईतदार आणि सातपूरचा लघुउद्योजक यांना एकमेकांचे वैरी बनविणारा हा हिशेब ज्यांनी प्रथम उलगडला, त्यांत पुण्याच्या 'प्रयास' गटाचे गिरीश संत यांचे नाव आदराने घ्यावे लागते. संत २०१२ साली अकाली गेले. दाभोळच्या एन्रॉन करारातील अर्थकारण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ सालीच मांडून दाखविले होते. त्या वेळी ऐकून घेण्यास बांधील असे व्यासपीठच नव्हते. करार झाला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, आणि २००१ च्या मे महिन्यात त्या विजेचा भाव न परवडून मंडळाला खरेदी थांबवावी लागली.

डॉ. लोहियांची 'दाम बांधो'ची मागणी जुन्या साथींना आठवत असेल. कारखान्यातील वस्तूची किंमत तिच्या उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक नसावी, असे त्यांचे म्हणणे होते. मागणी गाजली, पण तिच्या वाटेतील पहिला धोंडा तसाच राहिला, कारण उत्पादनखर्च किती हे कोणताही कारखानदार सांगत नाही. आज वीज ही अशी एक वस्तू आहे की, जिच्या खर्चाची वही किंमत ठरण्यापूर्वी उघडून दाखविण्याची सक्ती कायद्याने केलेली आहे. कोळसा कितीला घेतला, कर्जावर व्याज किती, पगार किती, वकिलांची फी किती, गळती किती, थकबाकी किती, हे सारे तेथे लिहिलेले असते. लोहियावाद्यांच्या हाती पडलेली ही वही उघडलीच जात नसेल, तर तो दोष जागतिक बँकेचा म्हणता येणार नाही.

शेतीच्या आकड्यांचा प्रश्न पहिल्या आदेशाने मिटला असेही नाही. मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन महावितरण कंपनी आली, पण अंदाजाची सवय गेली नाही. ग्राहक संघटनांनी, त्यांत इचलकरंजीहून चालणाऱ्या महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेने आणि तिचे नेते प्रताप होगाडे यांनी, हा मुद्दा सुनावणीमागून सुनावणीत लावून धरला. आयोगाने शेतीच्या वापरासाठी कार्यगट नेमला, फीडरवर नोंदलेल्या विजेवरून पंपांचा वापर काढण्यात आला, आणि मार्च २०२० च्या आदेशात कंपनीने सांगितलेला शेतीचा खप कमी धरून गळती त्या प्रमाणात वाढवून मांडण्यात आली. पहिल्या आदेशापासून हिशेब केला तर या कामाला वीस वर्षे लागली. ज्यांना उद्याच्या सभेत टाळ्या हव्या आहेत, त्यांचे हे काम नव्हे.

२०२४ च्या एप्रिलपासून राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केली. सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला १४,७६० कोटी रुपये असा सरकारचाच अंदाज आहे. बिल शून्य आल्यावर शेतकऱ्याला मीटर, भार, युनिट यांत रस कशाला उरेल? कंपनीच्या हिशेबनिसाला मात्र तो पूर्वीइतकाच उरतो, कारण शेतकऱ्याच्या नावावर जितके युनिट, तितके सरकारी अनुदान. हे पैसे शेवटी सर्वसामान्यांच्याच करातून जातात. शिवाय ही वीज येते केव्हा? निफाड-सिन्नर भागात बिबट्याच्या भीतीने शेतकरी रात्रीच्या पाळीला विहिरीवर जाण्यास धजत नाही. जी वीज वापरताच येत नाही, ती मोफत दिल्याचे श्रेय सरकार घेते आणि वापरली असे धरून कंपनी तिचे पैसे वसूल करते. असा प्रश्न दिंडोरीच्या एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच्या फीडरच्या नोंदी हातात घेऊन सुनावणीत विचारला, तर त्याला उत्तर देणे कंपनीस भाग पडेल. आणि कायद्याच्या पासष्टाव्या कलमानुसार अनुदानाची रक्कम सरकारने आगाऊ द्यावयाची असते. ती वेळेवर मिळाली का, हेही विचारता येते.

नोंदी मिळवावयाच्या कशा? महावितरण माहिती अधिकाराच्या कक्षेत आहे. उपकेंद्रातून फीडरवर किती युनिट सोडले, किती तास पुरवठा झाला, त्या फीडरवर किती पंप आणि किती मंजूर भार आहे, ही माहिती अर्ज करून मागता येते. त्याला जोड हवी ती लाइनमनच्या अनुभवाची. कोणत्या डीपीवर भार किती, आकडे कोठे पडतात, कोणाच्या मीटरकडे साहेब बघत नाहीत, हे त्याच्याइतके कोणासच ठाऊक नसते. वीज कामगारांच्या संघटना जानेवारी २०२३ मध्ये खाजगी कंपनीच्या समांतर परवान्याविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा ग्राहकांना त्याचे सोयरसुतक नव्हते, आणि ग्राहक सुनावणीत गळतीवर बोलतात तेव्हा कामगार संघटना गप्प असतात. ही फारकत कंपनीच्या आणि मंत्रालयाच्या फार सोयीची आहे.

व्यक्तिगत तक्रारीचा मार्ग वेगळा आहे आणि तो तुलनेने सरळ आहे. नाशिक परिमंडळासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तेथे वकील लागत नाही, निकाल साठ दिवसांत अपेक्षित असतो, आणि तो न पटल्यास मुंबईच्या विद्युत लोकपालाकडे जाता येते. दोन वर्षांहून जुनी, मधल्या काळात बिलात सातत्याने न दाखविलेली थकबाकी मागता येत नाही, असे छप्पन्नावे कलम म्हणते. ठरलेल्या मुदतीत जोडणी वा दुरुस्ती झाली नाही तर भरपाईची तरतूद सत्तावन्नाव्या कलमात आहे. पक्षाच्या प्रत्येक शाखेत ही दोन कलमे माहीत असलेला एक तरी कार्यकर्ता असावा. दुर्दैवाने शाखेत ठाऊक असतो तो उपअभियंत्याचा दूरध्वनी क्रमांक, आणि साहेबांना सांगून काम करून घेण्यात पुढाऱ्याचे वजन दिसते. मेहेरबानीने सुटलेली तक्रार दुसऱ्या कोणाच्याही उपयोगी पडत नाही. मंचाचा लेखी निकाल पडतो.

या मार्गाच्या मर्यादा लपवून ठेवण्याचे कारण नाही. आयोगाचे सदस्य सरकारच्या निवड समितीतून येतात आणि ज्या प्रशासनाचा हिशेब तपासावयाचा, त्याच प्रशासनात त्यांच्यापैकी अनेकांचे आयुष्य गेलेले असते. काही निर्णय तर आयोगाच्या मेजावर येतच नाहीत. मालेगावची वीजवितरण व्यवस्था १ मार्च २०२० पासून कलकत्त्याच्या कंपनीच्या उपकंपनीकडे फ्रँचाइझी म्हणून गेली. फ्रँचाइझीला स्वतंत्र परवाना लागत नाही, म्हणून परवान्याच्या अर्जावर होणारी जाहीर सुनावणीही नाही. यंत्रमागाच्या त्या गावाने आपला वीजपुरवठादार बदलल्याची वार्ता निविदा उघडल्यावर ऐकली. आणि २०२५ साली जे घडले ते तर अधिक बोलके आहे. हरकती, सुनावण्या होऊन २८ मार्चला पाच वर्षांचा आदेश निघाला, त्यात पहिल्या वर्षी दर सरासरी दहा टक्क्यांनी उतरावयाचे होते. कंपनीने धाव घेतली, २ एप्रिलला आदेशाला स्थगिती मिळाली, आणि २५ जूनला फेरविचाराचा नवा आदेश आला. हा फेरविचार जाहीर सुनावणीविना झाला, अशी ग्राहकांची तक्रार होती आणि वाद न्यायालयात गेला. ज्यांनी मूळ सुनावणीत हरकती नोंदविल्या होत्या, त्यांना 'आम्हाला पुन्हा का ऐकले नाही' असे विचारण्याचा अधिकार होता. जे घरी बसले होते, त्यांचा हा प्रश्न कोण मनावर घेणार?

रस्त्यावरचे आंदोलन आणि कागदावरची हरकत यांत वैर नाही, हे प्रीपेड मीटरच्या लढ्याने दाखविले. ऑगस्ट २०२३ मध्ये महावितरणने कोट्यवधी स्मार्ट मीटरांची कामे खाजगी कंपन्यांना दिली. आगाऊ पैसे भरून घेणारा मीटर हा ग्राहकाच्या पसंतीचा विषय आहे, असे कायद्याच्या सत्तेचाळिसाव्या कलमावरून दिसते. हाच आधार घेऊन वीज ग्राहक संघटनेने 'आम्हाला हा मीटर नको' असे वैयक्तिक अर्ज राज्यभर भरून घेतले, जोडीला मोर्चे निघाले, आणि २०२४ च्या मध्यास सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही अशी घोषणा सरकारला करावी लागली. मीटर नंतर दुसऱ्या नावाने आलेच, आणि त्यांचा खर्च अखेर दरातच शिरणार आहे. तो किती शिरावा, हा मुद्दा पुन्हा आयोगापुढचाच.

नाशिकला दुसऱ्या नियामकाचा अनुभव पाण्याने दिला. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, तेव्हा गोदाकाठी त्याची चर्चाही झाली नाही. मराठवाडा जनता विकास परिषदेसारख्या संघटना धरणांचे आकडे घेऊन वर्षानुवर्षे पाठपुरावा करीत राहिल्या. १९ सप्टेंबर २०१४ ला प्राधिकरणाचा आदेश झाला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले, आणि टंचाईच्या वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडणे बंधनकारक झाले. मराठवाड्याचा हक्क न्याय्यच आहे, समाजवाद्यांनी त्याविषयी कचरण्याचे कारण नाही. परंतु नाशिकमध्ये ऊस किती, शहराला पाणी किती, उद्योगाला किती, हा आतला हिशेब मांडण्याची वेळ नाशिककरांनी दवडली आणि पाणी सुटल्यावर धरणावर गर्दी केली.

सर्वांत विषम बाब पैशाची आहे. कंपनीचे वकील, सल्लागार, शेकडो पानांचे इंग्रजी प्रस्ताव यांचा खर्च प्रशासकीय खर्चात धरला जातो आणि दरातून वसूल होतो. म्हणजे ग्राहक आपल्या विरुद्ध बाजूच्या वकिलाची फी मुकाट्याने भरतो आणि स्वतःसाठी मात्र त्याला वकील परवडत नाही. आयोगाने सुरुवातीच्या काळात चार अधिकृत ग्राहक प्रतिनिधी नेमले: प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आणि ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन. चारांत दोन उद्योजकांच्या, आणि उत्तर महाराष्ट्रातील एकही नाही, शेतकऱ्यांची अथवा भाडेकरूंचीही नाही. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरी विस्कॉन्सिन राज्याने १९७९ मध्ये आणि इलिनॉयने १९८३ मध्ये कायद्याने नागरिकांची मंडळे उभारली, ज्यांचे काम वीज-टेलिफोन कंपन्यांच्या दरप्रस्तावांवर सामान्य ग्राहकाच्या बाजूने लढणे हेच. वर्गणीचे आवाहन कंपनीच्याच बिलाच्या पाकिटातून घरोघर पोहोचविण्याची त्यामागील युक्ती इतकी प्रभावी ठरू लागली की, कॅलिफोर्नियातील कंपनी तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९८६ मध्ये जिंकली. महाराष्ट्रात बिल वाटणारी कंपनी सरकारी मालकीची आहे. ग्राहक संघटनांच्या आवाहनाची एक चिठ्ठी बिलासोबत जावी आणि कंपनीच्या कायदेशीर खर्चाइतकी नाही, तरी त्याच्या दशांश रक्कम ग्राहकांच्या प्रतिनिधित्वासाठी दरातूनच वेगळी काढावी, ही मागणी पक्षाने आयोगाकडे लेखी करावयास हरकत नाही.

पाच वर्षांच्या चालू कालखंडाच्या मध्यावर कंपनीचा आढाव्याचा प्रस्ताव येतो. त्याची जाहिरात मराठी दैनिकांत छापून येते आणि हरकतींसाठी साधारण तीन आठवडे मिळतात. तीन आठवड्यांत आकडे गोळा होत नाहीत. निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला आणि सिन्नर या तालुक्यांतून प्रत्येकी दोन शेती फीडर निवडून त्यांच्या मासिक नोंदींसाठी माहिती अधिकाराचे अर्ज आताच दिले, तर येत्या रब्बीपासून दोन हंगामांची वही तयार होईल. शहरात शंभर घरांची बिले महिन्यागणिक उतरवून ठेवणे हे महाविद्यालयीन युवकांनाही जमण्यासारखे आहे. एका अर्जाला दहा रुपये लागतात.